वर्गाआधीचे पंधरा दिवस



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाने दोन महिने खाल्ले, त्यामुळे इकडे फिरकता आलं नाही. मागच्या वेळी तुमच्यापैकी एकांनी विचारलं होतं, "तुझं संशोधन नेमकं कशावर आहे ते एका वाक्यात सांग ना." सांगते. योग शिकायला परदेशातून भारतात आलेली माणसं वर्ग सुरू होण्याआधी कुठे राहिली, काय जेवली आणि त्यांना कोणी सांभाळलं, यावर.

हसलात ना? आमचे सरही हसले होते. "हा इतिहास आहे की खानावळीचा हिशोब?" असं त्यांनी विचारलं. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज प्रयत्न करते.

सुरुवात एका वहीपासून झाली. पुण्यात मॉडेल कॉलनीच्या जवळ आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. १९८० च्या दशकात त्या घरातली मागची खोली भाड्याने द्यायच्या. भाडेकरू बहुतेक योग शिकायला आलेले परदेशी. काकूंच्या सोसायटीचा आता पुनर्विकास व्हायचाय, म्हणून त्या माळा रिकामा करत होत्या. मी मदतीला गेले होते. रद्दीच्या गठ्ठ्यात एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही दिसली. दुधाचा, गॅसचा, भाड्याचा हिशोब, आणि मधेमधे असल्या नोंदी: "दुसरा दिवस. पोट बिघडले. मऊ भात, मीठ-साखर-पाणी." "रात्री झोपत नाही, दिवसा झोपते. हाक मारू नये." "पाणी वीस मिनिटे उकळणे." "पोलीस कचेरीत कागद दिला." आणि मग एका ओळीत, "आजपासून क्लास."

पाहुणा बदलला तरी "आजपासून क्लास" ही ओळ साधारण दहा ते पंधरा दिवसांनंतर येते. त्या ओळीनंतरचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्यावर पुस्तकं आहेत, फोटो आहेत, माहितीपट आहेत. त्याआधीच्या पंधरा दिवसांवर फारसं कोणी लिहिलेलं नाही. माझा विषय तेवढाच आहे.

आता जरा मागे जाऊ.

आधुनिक काळात भारतात येऊन आसनं शिकलेल्या पाश्चात्त्य स्त्रियांमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे इंद्रादेवी. मूळ नाव युजिनी पीटरसन, जन्म १८९९ चा, रीगा शहरातला. त्या मैसूरला टी. कृष्णम्माचार्यांकडे शिकल्या, हे योगाच्या कुठल्याही इतिहासात सापडतं. कृष्णम्माचार्य आधी तयार नव्हते, बाई आणि तीही परदेशी म्हणून. मग मैसूरच्या महाराजांनी शब्द टाकला आणि प्रवेश मिळाला. खाण्यापिण्याची कडक पथ्यं घालून दिली गेली आणि त्यांनी ती पाळलीसुद्धा. ही गोष्ट नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

पण तारखा बघा. मैसूरचं शिक्षण १९३७ च्या सुमाराचं, आणि त्या भारतात पहिल्यांदा आल्या १९२७ मध्ये. मधल्या दहा वर्षांत त्यांनी इथे चित्रपटात काम केलं, 'इंद्रादेवी' हे नाव घेतलं, चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मुंबईत संसार थाटला. महाराजांपर्यंत ओळख पोचली ती या सगळ्यातून. म्हणजे 'कोर्स' सुरू होण्याआधी ही बाई दहा वर्षं इथे रुळत होती! इथलं ऊन, पाणी, जेवण, उठणं-बसणं, कोणाशी कसं बोलायचं, सगळं अंगवळणी पडलेलं होतं. जिद्द होतीच, नाही कोण म्हणतं? पण जिद्दीच्या पाठीशी एक घर होतं, नोकरचाकर होते, नवऱ्याचा पगार होता. गोष्ट सांगताना हा भाग गळतो.

त्याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, मैसूरकडून पुण्यात आणखी एक जण आला. अठरा वर्षांचा मुलगा. डॉ. व्ही. बी. गोखल्यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखाना क्लबने योगशिक्षक मागवला होता, सहा महिन्यांच्या बोलीवर. कृष्णम्माचार्यांनी या मुलाला धाडलं, कारण त्याला थोडंफार इंग्रजी येत होतं. मराठीचा गंध नाही. शिकायला येणारे कॉलेजातले, त्याच्यापेक्षा वयाने आणि शिक्षणाने मोठे. ओळखीचं कोणी नाही. करार वाढत गेला आणि पुढे संपला, तेव्हा पोटभर जेवण मिळण्याचीही पंचाईत झाली. हे बी. के. एस. अय्यंगार.

ते परदेशातून आलेले नव्हते, हे मान्य. पण रुळण्याचं काम त्यांनाही चुकलं नाही. पुढे ज्या शहरात जगभरातून लोक त्यांच्याकडे यायला लागले, त्या शहरात ते स्वतः असेच परके म्हणून उतरले होते. खोली शोधणं, भाषा कळत नसणं, जेवणाची सोय नसणं. योगाच्या इतिहासात गुरू नेहमी 'घरचा' आणि शिष्य 'बाहेरचा' असं चित्र असतं. पुण्यापुरतं तरी ते तसं नाही.

आता माझ्या प्रकरणातला मुख्य मुद्दा. रुळायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न असा, की तो वेळ जातो कुठे, आणि त्या वेळात माणसाला सांभाळतं कोण? याचं उत्तर प्रवासाच्या साधनावर अवलंबून आहे असं मला दिसलं. जरा समजावून सांगते.

बोटीचा काळ घ्या. युरोपातून मुंबईला यायला सुएझमार्गे दोन-तीन आठवडे लागायचे. बोटीवरची घड्याळं रोज थोडी थोडी पुढे केली जायची. त्यामुळे माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरायचा तेव्हा त्याचं शरीर इथल्या वेळेवर आलेलं असायचं. भूक इथल्या वेळेला, झोप इथल्या वेळेला. लाल समुद्राच्या उकाड्यात उन्हाची तालीमही झालेली असायची. आणि बोटीवर भारतात वर्षं काढलेला एखादा सहप्रवासी हमखास भेटायचा, तो चार गोष्टी सांगायचा. निम्मं रुळणं समुद्रावरच उरकायचं.

दुसरा मार्ग खुष्कीचा. १९६० आणि ७० च्या दशकात युरोपातली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असं करत बसने नाहीतर मिळेल त्या गाडीने भारतात यायची. यात काही आठवडे जात, कधी महिने. पोट बिघडायचं ते वाटेतच कुठेतरी. हाताने जेवणं, खाली बसणं, भाव करणं, सगळं वाटेवर शिकून व्हायचं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही वाट बंद पडली.

तिसरं साधन विमान. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं १९६० मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कला जायला लागली. दोन-तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसावर आला. पण शरीर विमानाच्या वेगाने बदलत नाही. न्यूयॉर्क आणि भारत यांच्या घड्याळात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं. शरीर साधारण दिवसाला एक तास या हिशोबाने जुळवून घेतं असं मानतात. म्हणजे किती दिवस झाले? नऊ-दहा. काकूंच्या वहीत "रात्री झोपत नाही" ही नोंद का येते, आणि "आजपासून क्लास" ही ओळ दहा दिवसांच्या आत क्वचितच का येते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

म्हणजे विमानाने प्रवास आखूड केला, पण रुळण्याचा काळ काही आखूड झाला नाही. जो काळ आधी बोटीवर आणि वाटेवर जायचा, तो आता पुण्यातल्या कोणाच्या तरी मागच्या खोलीत जायला लागला. आणि ते सगळं निस्तरायचं काम आलं खोलीवाल्या बाईकडे.

योगाच्या बाबतीत या काळाला आणखी एक बाजू आहे. आसनं रिकाम्या पोटी करायची असतात, आणि बरेचसे वर्ग पहाटे किंवा सकाळी लवकर. म्हणजे रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर हवं. ज्या घरात रात्री नऊला पानं घ्यायची पद्धत आहे तिथे एका माणसासाठी सातला वेगळा कुकर लावायचा. पहाटे अंघोळीला गरम पाणी, म्हणजे चारला उठून बंब पेटवायचा. पंधरा दिवस वरणभात आणि दुधीची भाजी, मग हळूहळू फोडणी, मग तिखट. काकू म्हणाल्या, "अगं, बाळाला वरचं अन्न सुरू करतात ना, तस्सं!" मी हे वाक्य प्रबंधात जसंच्या तसं घेतलंय. सरांनी अजून खोडलेलं नाही.

आता पुण्याकडे नीट बघू. अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' हे इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये आलं आणि जगभर गेलं. पत्नी रमामणी यांच्या नावाने उभारलेली संस्था जानेवारी १९७५ मध्ये सुरू झाली. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे सहज प्रवेश नव्हता. आपल्या देशात काही वर्षं शिकलेलं असावं लागे आणि मग प्रतीक्षायादीत थांबावं लागे. हे सगळं नोंदलेलं आहे. पण एक साधी गोष्ट बघा. संस्थेत वर्गाचं दालन आहे, ग्रंथालय आहे, विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय नाही. महिना-दोन महिन्यांसाठी येणाऱ्या माणसाने राहायचं कुठे? आजूबाजूच्या घरांत. मॉडेल कॉलनीत, शिवाजीनगरला, डेक्कनला. म्हणजे आश्रमात जी कामं आश्रमाची असतात, ती इथे वस्तीने उचलली. रिकाम्या झालेल्या खोल्या, मुलं अमेरिकेला गेलेली घरं, पेन्शनीत भर हवी असलेली जोडपी. डबेवाल्या बायका, भाड्याच्या सायकली, कोपऱ्यावरचा रिक्षावाला ज्याला न सांगता पत्ता कळायचा.

यात सरकारी भागही होता. पैसे घेऊन परदेशी पाहुणा ठेवला, की चोवीस तासांत पोलिसांकडे 'सी फॉर्म' द्यायचा हा नियम. पाहुणा सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेला असेल, तर त्याने चौदा दिवसांच्या आत स्वतः नोंदणी करायची. थांबा, हे चौदा दिवस पुन्हा एकदा वाचा. शरीर रुळायला लागणारा काळ आणि सरकारने दिलेली मुदत जवळजवळ सारखीच निघते. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यामुळे हे पंधरवडे कसे धावपळीचे जात असतील ते कळतं. रात्रभर जागा असलेला, पोट धरून बसलेला माणूस सकाळी फोटो आणि पासपोर्टच्या नकला घेऊन रांगेत उभा. सोबत काकू, कारण साहेब काय विचारतोय ते समजावून सांगायला कोणीतरी हवंच.

मैसूरमध्ये हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. के. पट्टाभि जोइस हे कृष्णम्माचार्यांचेच शिष्य. बेल्जियमचे आंद्रे व्हान लिझबेथ १९६४ मध्ये त्यांच्याकडे शिकून गेले आणि त्यांच्या लेखनातून हे नाव युरोपात पोचलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले अमेरिकन आले. लक्ष्मीपुरम भागात घरालाच लागून असलेली छोटी शाळा, एका वेळी जेमतेम डझनभर माणसं मावतील एवढी. शनिवारी सुट्टी आणि अमावास्या-पौर्णिमेलाही सुट्टी. आलेल्या माणसाला आधी आपलं पंचांग शिकावं लागे म्हणा ना! २००२ मध्ये शाळा गोकुलम भागात मोठ्या जागेत गेली. तिच्यामागोमाग काय काय गेलं बघा: भाड्याच्या खोल्या, न्याहारी देणाऱ्या बायका, दुचाकी भाड्याने देणारे, शाळेबाहेरचा शहाळेवाला. शाळा हलली तशी ही सगळी साखळी हलली. वर्गाला तिची किती गरज होती ते यावरून कळतं.

याउलट, जिथे संस्थेनेच राहण्याची सोय केली तिथे असं झालं नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम घ्या, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं. बिहारात मुंगेरची योगशाळा १९६४ ची. अशा ठिकाणी रुळण्याचं काम आवाराच्या आत होतं. भोजनगृह, घंटा, ठरलेला दिनक्रम. आचारी आणि सेवक ते काम करतात आणि ते संस्थेच्या हिशोबात धरलेलं असतं. पुण्या-मैसूरच्या बायकांचं काम मात्र कुठल्याच संस्थेच्या हिशोबात नाही. ते आहे फक्त लाल पुठ्ठ्याच्या वह्यांत, त्याही सापडल्या तर.

आणि आजचं काय? अमेरिकेत १९९९ मध्ये 'योगा अलायन्स' ही संस्था निघाली. शिक्षक व्हायला दोनशे तासांचं प्रशिक्षण, हे माप तिच्यामुळे जगभर रूढ झालं. हृषीकेशला हे दोनशे तास साधारण चार आठवड्यांत बसवतात. २०१४ च्या नोव्हेंबरपासून पर्यटकांना व्हिसा ऑनलाइन मिळायला लागला, आणि योगाचा अल्प मुदतीचा वर्ग हेही त्यात येण्याचं मान्य कारण झालं. आता गाडी विमानतळावर घ्यायला येते, खोली तयार असते, जेवण ठरलेलं असतं, आणि एक-दोन दिवसांत वर्ग सुरू. चार आठवड्यांत पंधरा दिवस रुळायला काढायचे कुठून?

तर मग तो काळ संपला का? मला नाही वाटत. शरीर तेच आहे, घड्याळातलं अंतर तेच आहे, पोटही तेच. फरक एवढाच, की पहिला आठवडा आता वर्गातच डुलक्या काढत जातो, आणि सांभाळण्याचं काम रात्रपाळीचा मुलगा, आचारी आणि साफसफाईच्या बायका करतात. घरमालकीण होती तेव्हा निदान तिला नाव होतं, 'काकू' म्हणून पत्रं यायची. आता पाहुण्याला निघताना त्या मुलाचं नावही ठाऊक नसतं.

जुना काळ फार प्रेमळ होता असं मला म्हणायचं नाही. काकूंनी भाडं घेतलं, चोख घेतलं, आणि त्यातून मुलीच्या शिक्षणाची फी भरली हे त्या अभिमानाने सांगतात. काही पाहुण्यांनी त्रास दिला, एक जण भाडं न देता गेला, तेही वहीत आहे. शिवाय त्या खोलीत राहायला येणारा माणूस मुळात विमानाचं तिकीट परवडणारा होता. त्याच गल्लीत झाडू मारणाऱ्या बाईला त्या वर्गाची पायरीसुद्धा चढायला मिळाली नसेल. हे सगळं धरूनच हा इतिहास लिहायला हवा.

पण आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. हो सर, हा खानावळीचाच हिशोब आहे. विसाव्या शतकात योग जगभर गेला तो गुरूंच्या विद्येमुळे आणि शिष्यांच्या तळमळीमुळे, हे खरंच. पण आलेला माणूस पहिल्या पंधरा दिवसांत आजारी पडून परत गेला नाही, म्हणून तो शिकला आणि शिकला म्हणून त्याने आपल्या देशात जाऊन शिकवलं. त्याला परत जाऊ न देणारी माणसं या इतिहासात हवीत की नकोत?

एक विनंती करून थांबते. पुण्यात जुने वाडे, बंगले, सोसायट्या भराभर पाडल्या जातायत. माळे रिकामे होतायत. तुमच्या घरी, आजीकडे, शेजारी कधी असा पाहुणा राहिला असेल, आणि तेव्हाची वही, एरोग्राम, भाड्याच्या पावत्या असं काही असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मला कळवा. मी येऊन फोटो काढून घेईन, वही तुमच्याकडेच राहील.

काकूंनी त्यांची वही मला दिली, पण एका अटीवर. शेवटच्या चार पानांवर पुरणपोळीचं आणि साखरभाताचं प्रमाण लिहिलंय, ते आधी उतरवून द्यायचं. काल बसून उतरवून दिलं.

पुढच्या वेळी सी फॉर्मबद्दल सविस्तर लिहीन. वाटतो तेवढा रटाळ विषय नाही तो, खरंच!